चढणीचा मासा आणि वाटेतल्या भिंती

मृगाचा पाऊस झाला, नदीला गढूळ लोंढा आला की मासे प्रवाहाच्या उलट निघतात. हे चढणीचे मासे. वैनगंगेकाठच्या ढीवरांना हे दिवस कुणी सांगावे लागत नाहीत. नागपुरात मात्र नाग नदी आणि मासा हे शब्द एका वाक्यात आले तर लोक हसतात. अशोक चौकाजवळच्या पुलावर आपण नाकाला रुमाल लावतो. खाली काळे पाणी, फेस आणि काठाच्या झुडपांना अडकलेल्या पिशव्या.

नागच्या शुद्धीकरणाचा १९०० कोटींहून मोठा प्रकल्प मंजूर झाला. अशा वेळी घाणीतून सावरलेल्या लंडनच्या टेम्स नदीचा दाखला हमखास निघतो. तो अर्धाच सांगितला जातो, म्हणून थोडे मागे जाऊ.

टेम्समध्ये सामन मासा समुद्रातून अंडी घालायला वर चढायचा. एकोणिसाव्या शतकात बोटींसाठी जागोजागी बंधारे झाले, लंडनचे सांडपाणी नदीत आले आणि १८३३ च्या सुमारास सामन संपला. १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधी इतकी वाढली की संसदेचे पडदे चुन्याच्या रसायनात भिजवावे लागले. मग मोठी गटारे बांधली गेली. तरीही १९५७ मध्ये शास्त्रज्ञांनी ही नदी जैविकदृष्ट्या मेल्याचे जाहीर केले. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे सुधारल्यावर, नोव्हेंबर १९७४ मध्ये, वेस्ट थरॉक इथल्या वीजकेंद्रात पाणी ओढणाऱ्या जाळीवर एक सामन अडकलेला सापडला. पावणेचार किलोचा. (आपल्याकडे भांडेवाडीचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, तिथल्या जाळीवर काय अडकत असेल ते न विचारलेले बरे.)

पुढचा भाग सहसा गाळला जातो. १९७९ पासून टेम्समध्ये सामनची पिल्ले सोडली, ३७ बंधाऱ्यांवर मत्स्यशिड्या बसवल्या. १९९३ मध्ये ३३८ सामन परतले आणि नंतर आकडा घसरत गेला. २०११ मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी जनुके तपासली, तर २००५ ते २००८ मध्ये सापडलेले मासे शेजारच्या नद्यांतून वाट चुकून आलेले निघाले. सोडलेल्यांपैकी एकही नव्हता. याचे एक कारण नागपूरकराला लगेच कळेल: जोराचा पाऊस झाला की लंडनची जुनी गटारे तुंबून थेट नदीत रिकामी होत. आपल्याकडेही पहिला पाऊस नाल्यांत वर्षभर साचलेले सगळे धुऊन नदीत आणतो. मासा चढतो तोही याच पावसाला.

मत्स्यशिडी म्हणजे बंधाऱ्याच्या कडेने केलेली पाण्याच्या टाक्यांची पायरी. मासा एकेक टाकी ओलांडत वर जातो. खरी मेख शिडीच्या तोंडाशी असते. मासा जोराच्या धारेकडे ओढला जातो. शिडीतून येणारी धार क्षीण असेल तर तो सांडव्याखालीच घुटमळत राहतो. शिवाय ही शिडी उड्या मारणाऱ्या सामनसाठी आखलेली. आपल्या पाण्यातल्या प्रवाशांच्या सवयी निराळ्या. गोदावरीतला झिंगा काठाकाठाने सरपटत वर येतो; त्याची पिल्ले जगायला खाडीचे मचूळ पाणी लागते. सापासारखी ईल समुद्रात जन्मते आणि नदीत वाढते. तिच्या पिल्लांना ओला, खरखरीत उतार पुरतो.

भिंत काय करते याचे भारतातले ठळक उदाहरण पश्चिम बंगालमध्ये गंगेवर असलेल्या फराक्काचे. १९७५ मध्ये ते धरण सुरू झाले आणि त्याआधी समुद्रातून प्रयागपर्यंत जाणारी हिलसा मासळी वरच्या गंगेतून जवळजवळ नाहीशी झाली. त्या पाण्यात घाण किती, हा प्रश्न नंतरचा होता.

आता आपली वाट. नाग कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला चैतन्येश्वर मंदिराच्या पायथ्याशी वैनगंगेला. तिथेच गोसेखुर्दचे पाणी तुंबलेले असते. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाला ३३ दरवाजे आहेत आणि नागपूरचे सांडपाणी वाहत त्याच जलाशयात उतरते. म्हणून नाग स्वच्छ करण्याचा पहिला लाभ आंभोरा, कुही, पवनीच्या लोकांना आणि तिथे आधीच असलेल्या माशांना होईल. तेवढ्यासाठीही प्रकल्प हवाच, असे मला वाटते.

वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला आणि पुढे समुद्राला मिळते; त्या समुद्रातून उलट निघालेल्या ईलचा हिशेब वेगळा आहे. तिला गोसेखुर्दच्या आधी गडचिरोलीतला चिचडोह बंधारा, त्याआधी गोदावरीवरचा २०१९ चा मेडीगड्डा बंधारा, त्याआधी बांधकाम सुरू असलेले पोलावरम धरण ओलांडावे लागते. नागचे पाणी ही तिच्या वाटेवरची शेवटची अडचण. पहिली राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला आहे, १८५२ मध्ये आर्थर कॉटन यांनी पूर्ण केलेली.