मालिश करणाऱ्याचं शिक्षण: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार.

पहिल्यांदा येणारे बरेच जण काउंटरवर आधी विचारतात, "तुमच्या लोकांकडं लायसन आहे का?" प्रश्न रास्त आहे. आपण ज्याच्या हाती पाठ देतो तो काय शिकलाय, हे विचारायलाच हवं. म्हणून हे पत्रक.

सरळ उत्तर आधी. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना जशी कौन्सिलकडं नोंदणी लागते, तशी नोंदणी करणारी वेगळी कौन्सिल मालिश करणाऱ्यांसाठी आपल्याकडं नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं लायसन बहुतेक ठिकाणी शॉप ॲक्टचं असतं. ते दुकानाचं झालं. आत काम करणाऱ्याला काय येतं, हे त्या कागदावरून कळत नाही. माणसाला मिळतं ते प्रमाणपत्र. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा स्पा थेरपिस्टचा कोर्स आहे, पंचकर्म सहाय्यकांचे कोर्स आहेत. आमच्याकडं असा कोर्स केलेल्यांनाच घेतो आणि त्यानंतरही इथं पुन्हा शिकवतो. तोवर ग्राहकाच्या अंगाला हात लावायचा नाही, हा नियम.

इतकं शिकायचं काय असतं?

कोल्हापूरकराला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत पिढ्यान् पिढ्या पैलवान एकमेकांचं अंग रगडत आलेत, त्यासाठी कुणी वर्गात बसलं नाही. त्या हातांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण तालमीत ज्याचं अंग रगडतात तो विशीतला, रोज जोर-बैठका मारणारा धडधाकट गडी असतो. आमच्याकडं येतो शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर उभा राहणारा कामगार, पुणे-बेंगळुरू हायवेवर रात्रभर गाडी हाकणारा ड्रायव्हर, शुगर असलेले आजोबा, नुकतीच बाळंत झालेली लेक. पैलवानाला सोसतो तो जोर यांना सोसेलच असं नाही.

म्हणून आमच्या शिकवण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो कुठं हात लावायचा नाही यावर.

पोटरीचंच घ्या. "पाय लई भरून आलेत, जरा जोरात रगडा," असं म्हणत माणूस येतो. आमची मुलं आधी तेल घेत नाहीत. दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघतात. एकच सुजलीय का? कातडी ताणलेली, तांबूस दिसते का? हाताच्या पाठीनं दोन्ही पाय जोखून बघतात, एक जास्त गरम लागतो का? मग विचारतात: इतक्यात लांबचा प्रवास झाला का, ऑपरेशन झालं का, अंथरुणाला खिळून होता का? एकाच पायाला सूज, ऊब आणि दुखणं असेल, तर आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. अशी पोटरी रगडली तर गाठ सुटून रक्तासोबत फुप्फुसात जाऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं. अशा वेळी आम्ही मालिश करत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगतो, आणि घरच्यांनाही फोन करतो.

शुगरवाल्यांची गोष्ट वेगळी. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळं "दाब बरा आहे ना?" याला मिळालेल्या "हो" वर विसंबता येत नाही. आधी तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, जखम किंवा फोड असेल तर तो पाय सोडायचा, नाहीतर हलक्या हातानं करायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोरानं रगडल्यावर अंगावर काळेनिळे डाग उठतात. ताप, नायटा, खरूज, ताजं ऑपरेशन: मालिश नाही. गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी इथं रक्तवाहिन्या आणि नसा अगदी वर असतात, तिथं अंगठा रुतवायचा नाही.

आणि मान. केस कापून झाल्यावर कडकन मान मोडून घ्यायची सवय आपल्या पुष्कळ लोकांना आहे, आमच्याकडंही तसा आग्रह होतो. आम्ही मोडत नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून जातात, झटक्यानं त्यांना इजा होऊ शकते. ग्राहक नाराज होऊन गेला तरी चालेल.

हाताचं शिक्षण

लांब हात फिरवणं, कणकेसारखं मळणं, घासणं, थापटणं आणि थरथर देणं, असे स्वीडिश पद्धतीचे पाच प्रकार. ते दाखवायला एक दुपार पुरते, हातात बसायला महिने लागतात. नवीन मुलगा सगळा जोर अंगठ्यानं लावतो आणि काही दिवसांत त्याचाच अंगठा सुजतो. मग त्याला उभं राहायला शिकवतो: एक पाय पुढं, कंबर सरळ, जोर खांद्यातून न काढता अंगाचं वजन पुढं झुकवून तळव्यावर आणायचं. टेबलाची उंची ज्याच्या त्याच्या बेतानं लावायची. हे जमलं की दाब एकसारखा येतो, आणि ग्राहकाला तो फरक लगेच जाणवतो.

चादरीची सवय तितकीच महत्त्वाची. ज्या भागाचं काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं. चादर, नॅपकिन प्रत्येकाला धुतलेले. बाईमाणसाला बाईच मालिश करते. मालिशच्या पाटीआड काही ठिकाणी भलतेच धंदे चालतात, त्यामुळं चांगल्या घरची माणसं यायला कचरतात आणि हे काम शिकू पाहणाऱ्या मुलींना घरून परवानगी मिळत नाही. याचा आम्हाला राग येतो. आमच्याकडं तसली एक मागणी झाली, तरी त्या माणसाला पुन्हा वेळ दिली जात नाही.

तुमच्या घरात कुणाला शिकायचं असेल तर

"भाचीला परदेशात हे काम करायचंय, तुमच्या सर्टिफिकेटवर जमेल का?" असंही विचारतात. नुसत्या त्यावर नाही जमणार. अमेरिकेत बहुतेक राज्यांत लायसन लागतं आणि अटी राज्यागणिक बदलतात: टेक्सास आणि फ्लोरिडात ५०० तासांचं शिक्षण, न्यूयॉर्कमध्ये १,००० तासांचं. वर परीक्षा असते. बऱ्याच राज्यांत चालणाऱ्या एमब्लेक्स परीक्षेत १०० प्रश्न येतात: शरीररचना, आजार, मालिश कधी टाळायची, ग्राहकाशी वागणूक. कॅनडात ओंटारिओमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला मसाज थेरपिस्ट म्हणवताच येत नाही. जपानमध्ये किमान तीन वर्षं शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. तेव्हा आधी जायचं कुठं ते ठरवा, तिथल्या लायसन देणाऱ्या संस्थेचे नियम वाचा, आणि मगच कुठल्याही क्लासची फी भरा. "परदेशात चालणारं लायसन दोन आठवड्यांत" अशा जाहिरातीला पैसे देऊ नका.

येण्याआधी

जेवून लगेच येऊ नका, दीड-दोन तास जाऊ द्या. चालू गोळ्यांची नावं किंवा चिठ्ठी सोबत आणा. गरोदर असाल तर फोनवरच सांगा, डॉक्टरांची संमती लागेल. फॉर्मवर बीपी, शुगर, ऑपरेशन जे असेल ते लिहा, तो कागद मालिश करणाऱ्याशिवाय कुणी बघत नाही. ताप-सर्दी असेल तर वेळ पुढं ढकला, आणि आम्हीच "आज नको" म्हणालो तर भरलेले पैसे पूर्ण परत मिळतील.