प्रत्यारोपणाआधीची तयारी: उपयोग झाला हे कशावरून ठरवायचं?

डायलिसिसवरचा माणूस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला साधारण चार तास यंत्राला जोडलेला असतो. घरी आल्यावर अनेकांना बोलायचंही त्राण नसतं. अशा माणसाला किडनी प्रत्यारोपणाआधी व्यायाम, आहार आणि मानसिक आधार देऊन शस्त्रक्रियेसाठी बळकट करायचं, याला डॉक्टर प्रिहॅबिलिटेशन म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनाचंच काम, पण आधी केलेलं. त्याचा फायदा झाला की नाही हे ठरवताना मोजायचं काय, यावर मात्र संशोधकांचं एकमत नव्हतं.

प्रत्यारोपणाच्या पहिल्या काही दशकांत सगळं लक्ष किडनी टिकते का, याकडे होतं. ते स्वाभाविकच होतं. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांच्या चमूने एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. भाऊ तंतोतंत जुळे असल्यामुळे शरीराने ती नाकारली नाही. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे शरीराला नवी किडनी नाकारू न देणारं औषध आलं आणि परक्या माणसाची किडनीही चांगली टिकू लागली. मग किडनीच्या प्रतीक्षायादीत वयस्क रुग्ण वाढले, वाट पाहण्याची वर्षं वाढली आणि त्या वर्षांत माणूस आतून खचत गेला. २००१ मध्ये संशोधक लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी या खचण्याच्या पाच खुणा मांडल्या: नकळत घटलेलं वजन, थकवा, हाताची कमकुवत पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मारा मॅकअ‍ॅडम्स-डीमार्को यांनी दाखवलं की प्रत्यारोपणाच्या वेळी असे खचलेले रुग्ण नंतर जास्त दगावतात.

प्रिहॅबिलिटेशन हा शब्द १९४६ मध्येच ब्रिटिश सैन्याच्या संदर्भात छापून आला होता. कमी पडणाऱ्या जवानांना खाऊपिऊ घालून, कसरत आणि शिक्षण देऊन तयार करणं, असा त्याचा अर्थ होता. शस्त्रक्रियेच्या जगात तो रुळला तो मुख्यतः आतड्याच्या कॅन्सरमुळे, माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या कामातून. पण तिथे ऑपरेशनची तारीख ठरलेली असते, हातात काही आठवडे असतात. मृत दात्याच्या किडनीची वाट पाहणाऱ्याला तारीख नसते. फोन उद्या येईल किंवा पाच वर्षांनी. आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांकडून मिळतात, त्यामुळे तारीख निदान ठरवता येते. हा फरक लहान नाही: एकाला महिनाभराची तयारी पुरेल, दुसऱ्याला ती वर्षानुवर्षं टिकवावी लागेल.

२०१९ मध्ये हॉपकिन्सने एक छोटा प्राथमिक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन महिन्यांच्या फिजिओथेरपीनंतर रुग्णांची हालचाल ६४ टक्क्यांनी वाढली. उत्साह वाटावा असाच आकडा. पण एका अभ्यासात हालचाल मोजायची, दुसऱ्यात सहा मिनिटांत चाललेलं अंतर, तिसऱ्यात रुग्णालयातले दिवस, असं चाललं तर हे छोटे छोटे प्रयोग एकत्र जोडून काही सांगताच येत नाही. रुग्णांनी घाम गाळून दिलेली माहिती वाया जाते, आणि मला यातलं सर्वांत सलणारं हेच वाटतं.

हा घोळ संधिवाताच्या डॉक्टरांनी आधी अनुभवला होता. १९९२ मध्ये मास्ट्रिख्टला ओमेरॅक्ट या परिषदेत त्यांनी प्रत्येक चाचणीत मोजायच्याच अशा किमान गोष्टींवर एकमत केलं: दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदना वगैरे. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच परिषदेत पहिल्यांदा रुग्णांना बोलावलं गेलं. रुग्ण म्हणाले, आमचा थकवा या यादीत कुठे आहे? तो नव्हताच. इतकी वर्षं इतक्या जाणत्या माणसांनी मोजमापं केली आणि रोज सकाळी रुग्णाला जे पहिलं जाणवतं तेच सुटलं होतं. पुढे थकव्याला मोजमापात जागा मिळाली.

२०१० मध्ये लिव्हरपूलला सुरू झालेल्या कॉमेट उपक्रमाने हीच रीत इतर आजारांसाठी खुली केली. किडनीच्या क्षेत्रात ‘साँग’ हा उपक्रम २०१४ पासून ते काम करतो. त्याची पद्धत डेल्फी म्हणून ओळखली जाते: रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर, नर्स असे सगळे प्रत्येक मुद्द्याला एक ते नऊ गुण देतात, इतरांचे गुण पाहतात आणि पुन्हा विचार करून गुण देतात. शेवटी बैठक. हीमोडायलिसिसच्या, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या, मोजमापांच्या यादीत मृत्यू आणि हृदयविकाराच्या बरोबरीने थकवा आला. प्रत्यारोपणाच्या यादीत किडनीची प्रकृती, संसर्ग, कॅन्सर, हृदयविकार आणि मृत्यू यांच्यासोबत ‘जगण्यातला सहभाग’ आला, म्हणजे नोकरी, घर, नातीगोती सांभाळता येणं.

पण ही यादी किडनी बसल्यानंतरची आहे. प्रिहॅबिलिटेशन त्याआधी सुरू होतं, म्हणून त्याला वेगळं एकमत लागतं. मोजायचं केव्हा: तयारी संपल्यावर, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, की वर्षभराने? आणि ज्याला किडनी मिळालीच नाही त्याचं काय? फक्त प्रत्यारोपण झालेल्यांचे निकाल पाहिले तर वाट पाहताना दगावलेला किंवा तब्येत ढासळल्यामुळे प्रतीक्षायादीतून बाजूला केलेला रुग्ण हिशेबात येतच नाही. माझ्या मते, फोन येईल त्या दिवशी शस्त्रक्रियेला उभं राहता येण्याइतकं सुदृढ असणं, हे प्रिहॅबिलिटेशनच्या मोजमापांच्या यादीत अगदी वर हवं.