रोजचं दीड मिलिग्रॅम लोह

एक मिलिलिटर रक्तात साधारण ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. हा एक आकडा हाताशी असला की वयात येणाऱ्या मुलींना रक्तक्षय का गाठतो, हे कागदावर मांडून पाहता येतं. पाळीत दर महिन्याला ४० मिलिलिटरच्या आसपास रक्त जातं, म्हणजे १६ मिलिग्रॅम लोह. २८ दिवसांत वाटलं तर रोजचं अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडं जास्त. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर आणखी ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास जातं. उंची-वजन वाढतं तसं रक्तही वाढतं, त्यासाठी पाव-अर्धा मिलिग्रॅम वेगळं. बेरीज दीड मिलिग्रॅमच्या घरात जाते. लाल पेशी १२० दिवसांनी मोडतात खऱ्या, पण त्यांच्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं. त्यामुळे बाहेरून आणायचं ते एवढंच.

ऐकायला किरकोळ. पण खाल्लेल्या लोहातलं फार थोडं आतड्यातून रक्तात उतरतं. दहा टक्के धरलं तरी रोज १५ मिलिग्रॅम पोटात जायला हवं. रोजच्या साध्या खाण्यात दर १००० कॅलरींमागे ६-७ मिलिग्रॅम लोह मिळतं. म्हणजे २२०० कॅलरी खाणाऱ्या मुलीचं कसंबसं भागतं, आणि बारीक होण्यासाठी सकाळचं खाणं सोडून १२०० कॅलरींवर आलेल्या मुलीला जेमतेम ८ मिलिग्रॅम मिळतं. या वयातल्या सवयींत सगळ्यात महाग पडते ती ही.

त्याखालोखाल जेवणासोबतचा कप. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल द्रव्यं लोहाला बांधून ठेवतात आणि ते आतड्यातून पुढे निघून जातं. एका प्रयोगात जेवणाबरोबर चहा दिल्यावर लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी घटलं, कॉफीने ३९ टक्क्यांनी. तीच कॉफी जेवणाच्या तासभर आधी दिली तेव्हा काही बिघडलं नाही. तासाभराने नंतर दिली तेव्हा मात्र नुकसान जेवणासोबत घेतल्याइतकंच झालं. कारण उघड आहे: जेवण तासाभरात पोटातून पुरतं पुढे सरकलेलं नसतं. म्हणून चहा सोडायची गरज नाही. जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी घ्यावा. दूध आणि कॅल्शियमच्या गोळीलाही लोहाच्या जेवणापासून दूर ठेवलेलं बरं.

उलट दिशेला काम करतं क जीवनसत्त्व. वनस्पतींमधलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं, ते फेरस रूपात आल्याशिवाय आतड्याचं दार उघडत नाही. क जीवनसत्त्व हा बदल घडवतं. मात्र ते त्याच घासांबरोबर पोटात जायला हवं, आणि उकळलं की बरंचसं नष्ट होतं. त्यामुळे संत्रं, पेरू, कच्ची ढोबळी मिरची जेवतानाच खावी, संध्याकाळी वेगळी नको. डाळी-कडधान्यांतलं फायटेट हे द्रव्य लोहाला अडवतं. भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबवलं की ते कमी होतं. मांसातलं हीम लोह १५ ते ३५ टक्के शोषलं जातं आणि त्याला या अडथळ्यांचा फारसा त्रास होत नाही.

जाता जाता बीटबद्दल. त्याच्या लाल रंगाचा आणि लोहाचा काही संबंध नाही. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं, डाळिंबात त्याहून कमी. शिजवलेल्या मसुरात तीन मिलिग्रॅमच्या वर असतं.

आता सवयींची मर्यादा. बारा वर्षांच्या पुढे मुलींचं हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे (१०० मिलिलिटर रक्तामागे) १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय, ८ च्या खाली तीव्र, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. ४५ किलोच्या मुलीचं हिमोग्लोबिन ९ आहे असं धरू. तिच्या अंगात साधारण तीन लिटर रक्त. डेसिलिटरमागे ३ ग्रॅम कमी, म्हणजे एकूण ९० ग्रॅम हिमोग्लोबिनची तूट, आणि एका ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम लोह लागतं: झाले ३०० मिलिग्रॅम. आहार सुधारून रोज ०.३ मिलिग्रॅम शिल्लक टाकली तरी ही तूट भरायला हजार दिवस लागतील. म्हणून रक्तक्षय झाल्यावर ‘पालेभाज्या खा’ एवढाच सल्ला देणं अपुरं आहे. तिथे गोळीच लागते. आहार पुढची घसरण थांबवतो.

गोळीच्या वेष्टनावर दोन आकडे असतात, त्यातला ‘मूलद्रव्य लोह’ हा पाहायचा. ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये प्रत्यक्ष लोह ६० मिलिग्रॅम असतं. एक मात्रा घेतली की यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि साधारण २४ तास आतड्याचं दार अर्धवट लावून ठेवतं. त्यामुळे रोज दोनदा घेण्यापेक्षा एकदा, किंवा एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह शोषलं जातं आणि मळमळही कमी होते. मात्र वेळापत्रक डॉक्टरांनी ठरवावं. शौचाला काळं होणं हे अपेक्षितच आहे, घाबरून गोळी बंद करू नये. दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एखाद्या ग्रॅमने चढतं. बहुतेक मुली इथेच चुकतात: बरं वाटलं की डबी फडताळात जाते. आकडा १२ च्या वर गेल्यावरही साठा भरायला तीनेक महिने लागतात. (आणि डबी लहान भावंडांच्या हाताला लागू देऊ नये, मूठभर गोळ्या बाळाच्या जिवावर बेतू शकतात.)

साठा कळतो फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीत. ते लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक दिसत असलं तरी लोह संपलेलं असतं. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वर दिसतं, तेव्हा तपासणी पुढे ढकलावी. १९९६ साली बाल्टिमोरमधल्या शाळकरी मुलींवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तक्षय नसलेल्या, पण लोह कमी असलेल्या मुलींना आठ आठवडे लोह दिल्यावर शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले. सतत बर्फ चघळावासा वाटणं हीसुद्धा लोह कमी असल्याची एक विचित्र पण ओळखीची खूण.

नियमित गोळ्या घेऊन महिन्याभरात आकडा हललाच नाही, तर मात्रा वाढवण्याआधी रक्त कुठे गळतंय ते पाहावं. पॅड तासा-दोन तासांत भिजत असेल, रात्री उठून बदलावं लागत असेल, पाळी सात दिवसांहून लांबत असेल तर ती ‘घरात सगळ्यांनाच अशी येते’ म्हणून सोडून देऊ नये. रक्त गोठण्याचा वॉन विलेब्रँडसारखा आनुवंशिक दोष नेमका असाच घरभर दिसतो. अनवाणी चालण्यातून अंकुशकृमी शिरलेले असतील तर ते आतड्यात रोज रक्त पितात. लाल पेशी फार लहान, पण त्यांची संख्या भरपूर, असा अहवाल असेल तर थॅलॅसेमियाची सौम्य अवस्था तपासावी. पेशी मोठ्या दिसत असतील तर कमतरता बी-१२ किंवा फॉलिक आम्लाची असू शकते, आणि तिथे लोहाच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी हिमोग्लोबिन वाढत नाही.