टाउन हॉल वस्तुसंग्रहालय, कोल्हापूर

कोल्हापुरातील पुरावस्तूंचे संग्रहालय. चार्ल्स मँट यांनी आखलेली टाउन हॉलची गॉथिक धाटणीची इमारत १८७२–७६ मधील. संग्रहालय मात्र १९४६ च्या सुमाराचे. त्याचे मूळ पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत आहे. तेथे १९४४-४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा मोठा साठा सापडला. कोल्हापूरचे संशोधक प्रा. कुंदणगार यांच्या नावाने तो अभ्यासकांत ओळखला जातो. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी टेकडीचे उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन विटांची घरे आणि वरच्या थरांत बहमनी काळातील अवशेष मिळाले.

संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती. ती अलेक्झांड्रियात घडली की इटलीत, याविषयी एकमत नाही. एखाद्या ग्रीक मूळ मूर्तीची ती रोमन काळातील प्रतिकृती असावी, हे मत मात्र सामान्यतः मान्य आहे. इ. स. पहिले शतक हा काळ बहुधा योग्य ठरेल. साठा शास्त्रीय उत्खननापूर्वीच बाहेर आल्यामुळे थरांचा थेट पुरावा नाही आणि कालनिश्चिती शैलीवरच अवलंबून राहते. हत्तीवरील स्वारांचा कांस्यगट याच साठ्यातला. तो देशी कारागिरीचा आहे.

या परिसरातील ‘कुर’ नाणी (राजांच्या नावांअखेरच्या ‘कुर’वरून हे नाव) कोणत्या घराण्याची, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यांवर वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर व गोतमिपुत विळिवायकुर ही नावे आणि धनुष्यबाणाचे चिन्ह आढळते. एकाच्या नाण्यावर दुसऱ्याने पुन्हा ठसा मारल्याने या राजांचा हा क्रम बराचसा निश्चित होतो. ही सातवाहन राजांचीच बिरुदे आहेत, हे जुने मत आहे; इतिहासकार रा. गो. भांडारकरांनी मात्र या राजांना सातवाहनांचे प्रांताधिकारी मानले. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने हिप्पोकुरा येथील ‘बालेओकुरोस’ राजाचा उल्लेख केला असून तो विळिवायकुर असावा, असे समीकरण मांडले जाते. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. कुर हे स्वतंत्र स्थानिक घराणे होते, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते.

याशिवाय पाषाणशिल्पे, शस्त्रे आणि आबालाल रहिमान यांच्यासह कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रे येथे आहेत.