बेस गिटारमधला प्रीॲम्प आणि केबलचे ओझे

बेस गिटारमध्ये नवा प्रीॲम्प, म्हणजे संकेत बाहेर जाण्याआधी तो सावरणारे बॅटरीवरचे छोटे सर्किट, बसवण्याचा विचार करणाऱ्या वादकाची अपेक्षा बहुधा एकच असते : खर्जाला जोर यावा आणि वरचा आवाज धारदार व्हावा. या गोष्टी त्या लहानशा सर्किटमधून मिळतात हे खरे आहे, परंतु माझ्या मते त्याचे सर्वांत मोलाचे काम वेगळेच आहे. प्रीॲम्प पिकअपच्या, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या भागाच्या, डोक्यावरचे केबलचे ओझे उतरवतो. ही गोष्ट नीट समजली, की कोणता पॉट (नॉबखालचा, फिरवून बदलता येणारा रोध) कुठे लावायचा आणि कोणती तार कुठे जोडायची, हे आकृती पाठ न करताही कळू लागते.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की वेढ्यांमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि 1831 मध्ये मायकेल फॅराडे यांनी दाखवून दिलेल्या विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाने तिथे व्होल्टेज निर्माण होते. मात्र इतक्या वेढ्यांमुळे पिकअपला काही हेन्री एवढे मोठे प्रवर्तकत्व, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, येते. दुसऱ्या टोकाला असते केबल. तिच्या आतली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटरच, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटकच, तयार होतो आणि त्याची क्षमता दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड भरते.

ही दोन्ही एकत्र आली की अनुस्पंदन होते, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेला आवाज उठून येतो. 4 हेन्रीचा पिकअप आणि सहा मीटरची केबल घेतली, तर अनुस्पंदनाची वारंवारता सुमारे 3,250 हर्ट्झ येते, आणि केबल दहा मीटर केली तर ती 2,500 हर्ट्झवर घसरते. त्या बिंदूच्या वरचा आवाज झपाट्याने विरतो. बेसची सर्वांत जाड मोकळी तार 41 हर्ट्झची असली, तरी बोटाचा स्पर्श, फ्रेटवरची ठेच आणि स्वराची स्पष्टता कानाला कळते ती हजारो हर्ट्झपर्यंत पोहोचणाऱ्या हार्मोनिकमुळे, म्हणजे मूळ स्वराच्या पटींतल्या उपस्वरांमुळे, आणि नेमके तेच केबल गिळून टाकते. म्हणजे प्रीॲम्प नसलेल्या, ज्याला वादक पॅसिव्ह म्हणतात अशा बेसमध्ये केबल हा वाद्याचाच एक भाग असतो.

प्रीॲम्पच्या प्रवेशद्वाराचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अडथळा, बहुधा 1 मेगओहमच्या आसपास ठेवलेला असतो. त्यामुळे पिकअपकडून तो जवळजवळ काहीच प्रवाह मागत नाही. बाहेर पडताना मात्र त्याचा इम्पीडन्स अगदी कमी असतो आणि केबलचा कपॅसिटर भरण्यासाठी लागणारा प्रवाह तो बॅटरीतून पुरवतो. 1976 मध्ये आलेल्या म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बेसने हे ॲक्टिव्ह, म्हणजे प्रीॲम्प असलेल्या बेसचे, तंत्र व्यापक प्रमाणावर वादकांच्या हाती दिले.

आता पॉटचा प्रश्न सोपा होतो. पिकअप आणि प्रीॲम्प यांच्यामध्ये असलेला व्हॉल्यूम किंवा ब्लेंड (दोन पिकअपचे मिश्रण ठरवणारा) पॉट 250 किंवा 500 किलोओहमचाच हवा. तिथे 25 किलोओहमचा लावला, तर 4 हेन्रीच्या पिकअपचा आवाज साधारण 1,400 हर्ट्झपासूनच मंद होऊ लागतो. प्रीॲम्पच्या नंतर येणाऱ्या पॉटचे गणित याच्या अगदी उलट असते. जुना 250 किलोओहमचा पॉट तिथे तसाच ठेवून अर्ध्या रोधावर आणला, तर केबलच्या बाजूने पाहताना 62 किलोओहमपर्यंतचा रोध केबलच्या वाटेत उभा राहतो, सहा मीटरच्या केबलमध्ये 4,200 हर्ट्झच्या वरचा आवाज गळू लागतो, आणि प्रीॲम्पने केलेले सगळे काम त्या एका पॉटपाशी वाया जाते. त्याच जागी 25 किलोओहमचा पॉट असेल तर ही सीमा 42,000 हर्ट्झवर, म्हणजे श्रवणमर्यादेच्या कितीतरी पलीकडे जाते.

बॅटरीकडे लोक कमी लक्ष देतात. एका 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे सर्किट सहसा 4.5 व्होल्टच्या मध्यबिंदूभोवती काम करते, त्यामुळे संकेताला वर आणि खाली प्रत्येकी जेमतेम चार व्होल्टची मोकळीक मिळते. जोरात छेडलेल्या तारेचा संकेत क्षणभर 1 व्होल्टपर्यंत गेला आणि खर्जाचा नॉब 12 डेसिबलने, म्हणजे व्होल्टेजच्या चौपट वाढवलेला असला, तर ही मोकळीक संपते आणि तरंगाचे माथे छाटले जाऊन आवाज फाटतो. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 18 व्होल्ट दिले की जागा दुप्पट होते. परंतु काही चिप 16 व्होल्टच्या वर टिकत नाहीत, म्हणून निर्मात्याने दिलेली मर्यादा पाहिल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

बॅटरीचा स्विच जॅकमध्येच, म्हणजे केबल खुपसण्याच्या खोबणीतच, दडलेला असतो. मोनो जॅक काढून त्याजागी तीन संपर्कांचा स्टिरिओ जॅक लावतात आणि बॅटरीची काळी, ऋण तार मधल्या संपर्काला जोडतात. केबलचा मोनो प्लग आत गेला की त्याची लांब धातूची नळी मधला संपर्क आणि ग्राउंड यांना एकत्र आणते व सर्किट सुरू होते. 500 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीतून 1 मिलिअँपिअर ओढला जात असेल, तर ती सुमारे 500 तास चालेल. पण केबल बेसमध्येच अडकवून ठेवली तर तीच बॅटरी तीन आठवड्यांत संपेल.

प्रत्यक्ष कामाआधी लाकडातल्या पोकळीची खोली मोजावी, कारण 9 व्होल्टची बॅटरीच सुमारे 48 मिलिमीटर लांब आणि 17 मिलिमीटर जाड असते. जुन्या जोडण्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. ब्रिजखालून, म्हणजे वाद्याच्या तारा जिथे टेकतात त्या धातूच्या भागाखालून, येणारी ग्राउंडची तार विसरू नये. ती तुटलेली असेल तर वाद्याच्या तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत नाही. प्रीॲम्प संकेताबरोबर गोंगाटही वाढवतो, म्हणून पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडशी जोडण्याचे कष्ट मी कधीही वाचवणार नाही. सोल्डरचा डाग देताना बॅटरी काढलेली असावी. पॉटच्या पाठीवर डाग देण्याआधी ती घासून घ्यावी आणि सोल्डरिंग आयर्न पुरेसे तापलेले असावे, म्हणजे काम दोन-तीन सेकंदांत उरकते व पॉटच्या आतला पट्टा भाजत नाही.

काही वादकांना केबलने मवाळ केलेला आवाजच आवडतो आणि ती आवड रास्त आहे. त्यांनी प्रीॲम्पच्या प्रवेशावर, संकेत आणि ग्राउंड यांच्यामध्ये, काहीशे पिकोफॅरडचा एक कपॅसिटर जोडला की तो मवाळपणा परत मिळतो, आणि आता तो केबलच्या लांबीवर अवलंबून राहत नाही.

शेवटची चाचणी कानाने करावी. सगळे टोन नॉब मध्यावर, व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून आधी तीन मीटरच्या आणि मग दहा मीटरच्या केबलवर तोच तुकडा वाजवावा. दोन्ही वेळा बोटांचा स्पर्श सारखाच ऐकू आला, तर जोडणी बरोबर आहे. लांब केबलवर आवाज मंदावला, तर प्रीॲम्पच्या नंतर येणारा पॉट पुन्हा एकदा मल्टिमीटरने मोजून पाहावा.