व्हॅनला जुनं इंजिन बसवायचंय? आधी ब्लॉकवरचा नंबर वाचा

मे महिन्यात अमळनेरच्या रस्त्यावर आमच्या मारुती इको व्हॅनचं पाणी उकळलं. इंजिनाचं हेड (वरचं झाकण) वाकलं, ब्लॉकलाही (खालच्या मुख्य सांगाड्याला) तडा गेला. नवं इंजिन परवडणारं नव्हतं. जुन्या मालाच्या दुकानात विचारलं, तर मालक म्हणाला, "इकोनंच शे भाऊ, बसी जाई!"

नाही बसलं. आमची गाडी २०१४ची, तिच्यात जी१२बी इंजिन, ११९६ सीसी. त्यानं दिलेलं नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या नव्या इकोचं, के-सिरीजचं, ११९७ सीसी. कागदावर फरक एका सीसीचा, पण वायरिंग आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) सगळंच वेगळं. माल परत न्यायचं टेम्पोभाडं आमच्याच खिशातून गेलं.

ओम्नीवाल्यांची गंमत आणखी वेगळी. ओम्नी आणि मारुती ८०० दोन्हींत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. पण ओम्नीत ते पुढच्या सीटखाली, गाडीच्या लांबीत उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. ८००मध्ये बॉनेटखाली आडवं, पुढच्या चाकांना. त्यामुळे "८००चं चालतं" हे अर्धं खरं. शिवाय कार्ब्युरेटरवाली गाडी आणि एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्टरने सोडणारी) गाडी यांचा माल एकमेकांत मिसळू नका. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचा नंबर दुकानदाराकडून घ्या आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाका. मॉडेल, इंधन, भारत स्टेज (धुराच्या प्रदूषणाचा दर्जा), नोंदणीची तारीख दिसते. ते आपल्या आरसीशी ताडून बघा. नंबरच सांगत नसेल तर दुकान बदला.

आता कागदाचं. स्टार्टर, अल्टरनेटर, नुसतं हेड बदललं तर आरटीओत जायची गरज नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर पंच केलेला असतो, म्हणून ब्लॉक बदलला, मग ते हाफ इंजिन (हेडशिवायचं) का असेना, की आरसीवरचा नंबर खोटा ठरतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार इंजिन बदलायला नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. किमान दहा परिवहन वाहनं असलेल्या मालकाला त्याच मेक आणि टाइपचं इंजिन परवानगीशिवाय बदलायची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. एक-दोन गाड्यांवर वडाप (प्रवासी वाहतूक) करणाऱ्याला ती नाही. परवानगीशिवाय बदललं गेलंच, तर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते.

अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा. गाडी काकांच्या नावावर आणि चालवतो पुतण्या, असं आपल्याकडे घरोघर असतं; सही काकांचीच लागेल. गाडी कर्जावर असेल तर फायनान्सवाल्यांची लेखी संमती आधी काढा, तिलाच जास्त दिवस जातात. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर 'अल्टरेशन' खाली भरता येतो. गाडी मात्र धुळ्याची एमएच १८, जळगावची १९ किंवा नंदुरबारची ३९, जिथली असेल तिथल्या आरटीओत दाखवावी लागते. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र, इंजिनाचं बिल आणि ते कुठल्या गाडीतून निघालं त्याचा पुरावा ठेवा. गाडी भंगारात गेली असेल तर तिची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्स सगळ्यात उत्तम.

बिलावर इंजिन नंबर लिहिलेलाच हवा. "एक जुने इंजिन, रोख" असल्या चिठ्ठीला तिथे कोणी विचारत नाही.

इन्स्पेक्टर ब्लॉकवरच्या नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीची छाप घेतो. तेच तुम्ही दुकानात, पैसे मोजायच्या आधी करा. रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसा, कागद दाबून धरा, पेन्सिल आडवी फिरवा. अक्षरं एका ओळीत, एका खोलीची उमटली पाहिजेत. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे उमटले किंवा एखादा आकडा तिरका आला, तर तो माल स्वस्तात मिळाला तरी सोडा. चोरीचा निघाला तर जबाब तुम्हालाच द्यावा लागेल.

सीएनजीची गोष्ट वेगळी धरा. आरसीवर फक्त पेट्रोल असेल आणि सीएनजी किटसकट इंजिन घेतलं, तर इंधनबदलाची नोंदही लागते. नोंद झाली की नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला द्या आणि पॉलिसीवरचा इंजिन नंबर बदलून घ्या. हे बहुतेक जण विसरतात, आणि आठवण होते ती अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेयर ब्लॉकवर टॉर्च मारतो तेव्हा.