उंडेऱ्याची अर्धी घरं

गोरवा सोडून कोयलीच्या बाजूला निघालं की उंडेरा लागतं. २०२० मध्ये ते वडोदरा महानगरपालिकेच्या हद्दीत आलं. आज तिथे सोसायट्या आहेत, रिक्षा आहेत, पलीकडे रिफायनरी आहे. मराठी कानाला या नावात उगाच उंदीर ऐकू येतो. योगायोगच तो, पण एकदा ऐकू आला की जात नाही; कारण वैद्यकाच्या इतिहासात या गावाचं नाव लागलं ते प्लेगमुळे. बडोद्याच्या मराठी घरांत सयाजीरावांच्या शाळा, वाचनालयं, आजव्याचं पाणी यांच्या गोष्टी आजोबांकडून नातवंडांकडे जात आल्या आहेत. उंडेऱ्याची गोष्ट मात्र मी दांडिया बाजारात लहानाचा मोठा होऊनही कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

गोष्टीची सुरुवात मुंबईत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी गाठीचा ताप ओळखला. त्यानंतर काय काय झालं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यातल्या घरझडत्या, २२ जूनची रँडवरची गोळी. सावित्रीबाई फुले त्याच वर्षी १० मार्चला रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. त्यामुळे आपल्याकडे प्लेग म्हटलं की गोरे सोजीर आणि उंबऱ्याबाहेर फेकलेलं सामान डोळ्यांसमोर येतं. साथ आवरण्याचा दुसरा एक धागा त्याच दीड वर्षात विणला जात होता, तो या गदारोळात झाकला गेला. तो धागा म्हणजे यादी. कोणाला टोचलं, कोणाला नाही, कोण आजारी पडलं, कोण गेलं, आणि मुळात घरात माणसं होती किती.

तो धागा विणणारा माणूस वाल्डेमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेला. पटकीची लस घेऊन तो १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला होता. प्लेग आल्यावर मुंबईत त्याला तुटपुंज्या जागेत प्रयोगशाळा थाटून दिली. प्लेगचे जंतू रश्शात वाढवताना त्याने वर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांच्या खालच्या बाजूने जंतूंच्या कांड्या झुंबरासारख्या लोंबत वाढायच्या. बाटली हलवली की गळून तळाशी बसायच्या आणि वर नव्या धरायच्या. पीक भरपूर आलं की तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, लस तयार. गोमांस किंवा डुकराचं मांस वापरलं तर लोक जवळ येणार नाहीत, म्हणून पुढे रश्शासाठी बकऱ्याचं मांस आलं. १० जानेवारी १८९७ ला त्याने पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि तो कामाला लागला.

लस टोचणं सोपं होतं. ती चालते हे दाखवणं अवघड.

भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना त्याने टोचलं आणि उरलेल्यांशी तुलना केली. न टोचलेल्यांतले सहा जण दगावले, टोचलेल्यांतला एकही नाही. तुरुंगाचं एक बरं असतं, माणसं पळून जात नाहीत. गावाचं तसं नसतं. १८९७ मध्ये पोर्तुगीजांच्या दमणमध्ये २,१९७ जणांना टोचलं, त्यांतले ३६ मेले. न टोचलेल्या ६,०३३ मधले १,४८२. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्यातली ६,०३३ ही संख्या कशी काढली? मूळ वस्तीतून टोचलेले वजा केले, अंदाजाने पळून गेलेले वजा केले, उरले ते न टोचलेले. साथ आली की लोक बाडबिस्तरा उचलून नातेवाइकांकडे किंवा रानात जातात, आणि जाताना कोणाच्या वहीत सही करत नाहीत. छेद चुकला की सगळं उत्तर चुकतं. शिवाय आपणहून टोचून घ्यायला येणारा माणूस बहुधा थोडा शिकलेला, थोडा ऐपतीचा, जरा हवेशीर घरात राहणारा. तो वाचला तो लसीमुळे की घरामुळे?

उंडेऱ्यात या प्रश्नाला थेट हात घातला गेला. १८९८ च्या सुरुवातीला बडोदे संस्थानात प्लेग पसरलेला होता. १८९७ चा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, पण मुंबई आणि बडोद्याला जोडणाऱ्या रेल्वेत बसलेल्या उंदरांना संस्थानची हद्द कुठे कळणार. बडोद्यापासून सहा मैलांवरच्या या खेड्यात माणसं मरू लागली होती. १२ फेब्रुवारीला हाफकिन गावात आला. घरोघरची माणसं बोलावून कुटुंबवार उभी केली. मग प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग पाडले. पुरुष, बायका, मुलं, धडधाकट आणि अशक्त दोन्हीकडे होता होईल तितके सारखे पडतील असे. एका भागाला टोचलं, दुसऱ्याला नाही. ५१३ जणांना टोचलं, ४३७ जणांना तसंच ठेवलं.

म्हणजे एकाच छपराखाली, एकाच कणगीतले दाणे खाणारी, एकाच भिंतीतल्या बिळांच्या शेजारी झोपणारी दोन भावंडं. एकाच्या दंडाला सुई लागली, दुसऱ्याच्या नाही. आता गरिबी, घर, पाणी, उंदीर सगळं सारखं. फरक एवढाच.

पुढे प्लेग २८ कुटुंबांत शिरला. त्या घरांत टोचलेली ७१ माणसं होती. ८ आजारी पडली, ३ दगावली. न टोचलेली ६४ होती. २७ आजारी पडली आणि २६ दगावली. टोचलेल्यांमधला मृत्यू जवळपास ९० टक्क्यांनी कमी.

हिशोब म्हणून हे इतकं नितळ आहे की आजही कुणाला समजावून द्यायला फळा लागत नाही, आणि वाचताना आवंढा येतो तो त्याच कारणाने. २७ मधले २६. अर्धं घर न टोचता ठेवायचं असं ठरवताना हाफकिनला लसीचा गुण येतो अशी खात्री होती. तुरुंगातले आणि दमणचे आकडे त्याच्या हातात होते. मग उरलेल्या अर्ध्यांना टोचायला काय हरकत होती? त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की सरकारी डॉक्टर ते आकडे मान्य करत नव्हते, लोक घाबरत होते, आणि संशयाला जागा न ठेवणारा पुरावा मिळाला असता तर हजारोंना पुढे टोचता आलं असतं. मला हे उत्तर अर्धवटच पटतं. आज असा प्रयोग कुठलीही नैतिक समिती मंजूर करणार नाही, निदान गावकऱ्यांना नीट सांगून संमती घेतल्याशिवाय तरी नाही. शास्त्र म्हणूनही त्यात उणिवा होत्या. चिठ्ठ्या टाकून विभागणी झालेली नव्हती, आणि ताप प्लेगचा की साधा हे ठरवणाऱ्याला रुग्ण कुठल्या अर्ध्यातला ते ठाऊक असण्याचा संभव होता. तरी १८९८ साली घर हे मोजणीचं एकक धरणं ही मोठी उडी होती.

एक गोष्ट मात्र तेव्हा कोणालाच पक्की माहीत नव्हती. माणसाला प्लेग होतो तो नेमका कशाने? उंडेऱ्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २ जून १८९८ ला, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने आजारी उंदराच्या पिसवा निरोगी उंदरापर्यंत पोचू दिल्या आणि तो दुसरा उंदीर मेलेला पाहिला. त्यालाही लोक कित्येक वर्षं हसले. म्हणजे उंडेऱ्यात रोग पसरण्याची वाट माहीत नसताना रोखण्याचा उपाय तपासला गेला. वाट सापडेपर्यंत थांबावं लागलं नाही, कारण यादी हातात होती.

प्लेग कमिशन १८९८ मध्येच नेमलं गेलं. फ्रेझर अध्यक्ष. त्यांनी हाफकिनच्या बऱ्याच आकड्यांवर बोट ठेवलं, बाटल्यांमधल्या लसीची ताकद सारखी नसते हेही नोंदवलं, पण शेवटी मान्य केलं की टोचल्याने आजार आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, पूर्ण टळत मात्र नाहीत. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा गेली. १९२५ पासून तीच हाफकिन इन्स्टिट्यूट.

याद्यांनी हाफकिनला एकदा वाचवलंही. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना टोचलं आणि त्यांतले १९ धनुर्वाताने गेले. सगळं खापर प्रयोगशाळेवर फुटलं, हाफकिन निलंबित झाला. पण कोणाला कुठल्या बाटलीतून टोचलं याची नोंद होती. १९ च्या १९ जण एकाच बाटलीतले, ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेले ८८ जण ठणठणीत. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, ही साक्षही पुढे आली. तरी निर्दोष ठरायला त्याला १९०७ उजाडलं. मधल्या काळात लस घ्यायला लोक किती बिचकले असतील, ते आपण आपल्या मोबाइलवरच्या अफवांवरून ताडू शकतो.

यानंतरचा बराच इतिहास झटपट आटोपण्यासारखा आहे. सल्फा औषधं आली, स्ट्रेप्टोमायसिन आलं, घरांत डीडीटीचा फवारा आला, प्लेग मागे सरकला. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत तो परत आला म्हणून पळापळ झाली तेव्हा सुरतहून उत्तरेकडे निघालेल्या गाड्या वडोदऱ्यावरूनच जात होत्या, आणि देशभर टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या. देशात पन्नासहून अधिक मृत्यू नोंदले गेले. पण सुरत सोडून गेलेले लाखो लोक कुठे उतरले, कोणाच्या घरी राहिले, हे कोणत्याही वहीत नव्हतं. दमणचाच प्रश्न, शंभर वर्षांनी आणि रेल्वेच्या वेगाने. त्यानंतर दहा वर्षांनी, २००४ मध्ये, देशात रोगसर्वेक्षणाचा एकात्मिक कार्यक्रम सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यातून दर आठवड्याला ताप, जुलाब, कावीळ यांचे आकडे वर जाऊ लागले, म्हणजे दवाखान्यात गर्दी होण्याआधी कुठेतरी कोणाच्या तरी लक्षात यावं.

२०२० च्या एप्रिलमध्ये वडोदऱ्यात नागरवाडा हा कोरोनाचा पहिला मोठा पुंजका ठरला आणि गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू लागले. आमच्या बाजूलाही घरोघर सर्वेक्षण सुरू झालं. आमच्या जिन्यात आलेल्या बेनच्या तोंडावर ओढणी होती, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद. उंबऱ्यापासून चार हात लांब उभी राहून तिने विचारलं, "घरमां केटला जण?" आई आतून म्हणाली, "चार, आणि मोठा मुलगा पुण्यात." बेनने चार लिहिलं, मग थोडा विचार करून पुण्याचं समासात टिपलं. ताप, खोकला, साठीच्या वरचं कोणी, साखर किंवा प्रेशर, असे रकाने. शेवटचा रकाना होता 'बंध'. म्हणजे घर बंद.

समोरच्या दोन दारांवर तिने बराच वेळ बेल वाजवली. कोणी उघडलं नाही. तिने दोन्हींपुढे 'बंध' लिहिलं आणि वरच्या मजल्यावर गेली. त्यांतल्या एका घरात माणसं होती. रात्री कुकरची शिट्टी आम्ही ऐकली.